ग्रेटफुल डेड

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील पालो आल्टो येथे १९६५ साली स्थापन झालेला रॉक बँड. जेरी गार्सिया, बॉब वीअर, रॉन ‘पिगपेन’ मॅकर्नन, फिल लेश आणि बिल क्रूट्झमन हे त्याचे सुरुवातीचे सदस्य होत. १९६७ मध्ये मिकी हार्ट हा दुसरा ड्रमवादक येऊन मिळाला. तीस वर्षांत या बँडने २,३०० हून अधिक कार्यक्रम केले. अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत मात्र त्यांचे एकच गाणे पहिल्या दहांत पोहोचले, तेही १९८७ साली.

ही तफावत त्यांच्या वादनपद्धतीतूनच आली. ब्लूज, ब्लूग्रास, लोकसंगीत आणि जॅझ यांच्या आधारे ते मंचावर उत्स्फूर्त विस्तार करीत आणि गाण्यांचा क्रमही बहुधा आधी ठरवीत नसत. ‘डार्क स्टार’ हे गाणे १९६८ च्या ध्वनिमुद्रिकेत तीन मिनिटांच्या आत संपते. तेच १९६९ च्या ‘लाइव्ह/डेड’ या, प्रत्यक्ष कार्यक्रमांत मुद्रित केलेल्या संचात तेवीस मिनिटांहून अधिक चालते, आणि या बँडचे खरे सामर्थ्य त्या दुसऱ्या रूपातच कळते.

श्रोत्यांपर्यंत स्वच्छ आवाज पोहोचावा याची त्यांना विलक्षण आस्था होती. बँडचा ध्वनितंत्रज्ञ आउझ्ली स्टॅन्ली व सहकाऱ्यांनी उभारलेल्या, १९७४ मध्ये वापरलेल्या ‘वॉल ऑफ साउंड’ या यंत्रणेत सुमारे ६०० स्पीकर वादकांच्या पाठीमागे रचलेले असत, त्यामुळे श्रोत्यांना जे ऐकू येई तेच वादकांनाही ऐकू येई. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून शिटी वाजू नये म्हणून प्रत्येक गायकापुढे उलट कलेत (एकाचा विद्युत्-संकेत दुसऱ्याच्या नेमका उलटा होईल असे) जोडलेले दोन माइक असत: गायक एकातच गाई, आणि दोहोंत सारखाच शिरणारा बाहेरचा आवाज परस्पर रद्द होई. अवाढव्य वजन आणि वाहतुकीचा खर्च यांमुळे ही यंत्रणा त्याच वर्षी सोडून द्यावी लागली.

एकही कार्यक्रम दुसऱ्यासारखा नसल्याने ‘डेडहेड’ म्हणविणारे चाहते दौऱ्यांमागे गावोगाव फिरत आणि कार्यक्रम टेपवर मुद्रित करीत. बँडने त्यांना अडवले नाही. उलट १९८४ पासून मुद्रण करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागा राखली. टेपांची देवाणघेवाण करावी, विक्री करू नये, एवढीच अपेक्षा होती. हा निर्णय त्या काळी फार धाडसाचा होता, आणि बँडची कीर्ती रेडिओपेक्षा या टेपांनीच अधिक पसरवली.

९ ऑगस्ट १९९५ रोजी गार्सियाचे निधन झाले आणि वर्षअखेरीस बँड विसर्जित झाला. कॉर्नेल विद्यापीठातील ८ मे १९७७ च्या कार्यक्रमाच्या टेपा चाहत्यांमध्ये अनेक वर्षे फिरत होत्या. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत त्याचा समावेश झाल्यानंतर, २०१७ मध्ये, तो अधिकृतपणे प्रकाशित झाला.