जांभ्याच्या विहिरीचे पाणी आणि पिंपातले मासे

कोकणातल्या घरांच्या मागीलदारी मोरीचे पाणी जिथे जाऊन मुरते, तिथे अळू आणि केळी हमखास दिसतात. अ‍ॅक्वापोनिक्स ही त्याच शहाणपणाची मोजूनमापून केलेली मांडणी आहे. एका पिंपात मासे, शेजारी खडी भरलेला भाजीचा वाफा आणि छोट्या पंपाने त्या दोघांमधून अखंड फिरणारे तेच ते पाणी. माती लागत नाही आणि जेवढे पाणी उडून जाते व पाने पितात तेवढेच वरून घालावे लागते. मे महिन्यात विहिरी तळ गाठतात अशा गावांत ही गोष्ट लहान नाही.

मासे खाद्यातल्या प्रथिनांमधला नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतात आणि हा अमोनिया साचला तर मासे त्यानेच मरतात. खडीच्या पृष्ठभागावर वाढणारे नायट्रोसोमोनास गटातले जीवाणू त्याचे नायट्राइट करतात. तेही माशांना विषारीच असते, परंतु नायट्रोस्पिरासारखे दुसरे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि ते भाजीचे आवडते अन्न असते. हे काम जीवाणूंचे आहे, हे सेर्गेई विनोग्राड्स्की यांनी 1890 च्या सुमारास दाखवून दिले. हे जीवाणू सावकाश वाढतात, त्यांची वस्ती पुरी बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. म्हणून पिंप भरले त्याच दिवशी मासे सोडणे, ही सर्वांत महाग पडणारी घाई आहे. त्याऐवजी पाणी भरलेल्या पण मासे नसलेल्या पिंपात रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकून ते कुजू द्यावे, शक्य असल्यास एखाद्या निरोगी मत्स्यटाकीतली मूठभर जुनी खडी विरजणासारखी वाफ्यात मिसळावी आणि मत्स्यटाकीच्या दुकानात मिळणाऱ्या चाचणी संचाने पाणी तपासत राहावे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्याजवळ आले आणि नायट्रेट दिसू लागले, की मग मासे आणावेत.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न पाण्याचा आहे. जांभ्यातून झिरपून आलेले विहिरीचे पाणी बहुधा मृदू, म्हणजे विरघळलेले क्षार कमी असलेले, आणि किंचित आम्लधर्मी असते, कारण जांभ्यातला चुना हजारो वर्षांच्या पावसाने धुऊन नेला आहे. पिण्यासाठी ते गोड लागते, पण जीवाणूंना ते अपुरे पडते. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते आणि अमोनियातल्या 1 ग्रॅम नायट्रोजनमागे पाण्यातली सुमारे 7 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, खर्च होते. मृदू पाण्यात ही शिल्लक लवकर संपते, सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा; 7 च्या खाली पाणी आम्लधर्मी) 6 च्या खाली घसरतो, जीवाणू मंदावतात आणि अमोनिया पुन्हा साचू लागतो. यावरचा उपाय किनाऱ्यावरच पडलेला आहे. शिंपल्यांचा चुरा गोड्या पाण्यात अनेकदा धुऊन, मीठ पूर्ण काढून, जाळीच्या पिशवीत भरून पाण्याच्या वाटेवर ठेवावा. पाणी आम्लधर्मी झाले की तो विरघळतो आणि सामू 7 च्या वर गेला की जवळजवळ थांबतो. मूठभर चुना थेट पिंपात टाकणे मात्र घातक आहे. सामू 7 वरून 8 वर गेला, तर पाण्यात आधीच असलेल्या अमोनियाचा विषारी अंश जवळपास दहापट होतो. खाडीकाठच्या मचूळ विहिरीचे पाणी तर या कामी घेऊच नये, कारण त्यातले मीठ साचत जाते.

वाफ्यात जांभ्याचे तुकडे भरण्याचा मोह होतो, कारण तो दगड सच्छिद्र आणि हाताशी असतो. तरीही काळ्या दगडाची धुतलेली खडी बरी, कारण जांभ्यातली लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे पाण्यातले फॉस्फेट धरून ठेवतात आणि झाडे त्याला मुकतात. गंमत अशी की इतके लोह असूनही झाडांच्या कोवळ्या पानांत शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, तो लोहाच्याच कमतरतेने. गंजाच्या रूपातले लोह सामू 7 जवळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते चिलेटेड, म्हणजे पाण्यात विरघळलेले राहील अशा बांधलेल्या, स्वरूपात, लिटरला सुमारे 2 मिलिग्रॅम, वेगळे द्यावे लागते.

सुरुवातीला 200 लिटरचे पिंप आणि तेवढ्याच घनफळाचा, 30 सेंटिमीटर खोल वाफा पुरे. भरलेला वाफा आणि पिंप मिळून वजन अर्ध्या टनाच्या वर जाते, तेव्हा हे सारे गॅलरीत न ठेवता जमिनीवरच मांडावे. पंपाने तासाभरात पिंपातले सगळे पाणी एकदा फिरले पाहिजे. पालेभाजीच्या 1 चौरस मीटर वाफ्याला रोज 40 ते 50 ग्रॅम मत्स्यखाद्य, हे पूर्ण वाढलेल्या व्यवस्थेचे प्रमाण झाले. पहिल्या महिन्यात त्याच्या निम्म्यावर राहावे. पहिल्या हंगामात गोल्डफिश किंवा गप्पी पाळणे मला योग्य वाटते. परदेशात यासाठी सर्रास वापरला जाणारा तिलापिया आपल्याकडे परवानगीशिवाय पाळता येत नाही आणि जुलैत पिंप भरून वाहिले, तर तो थेट व्हाळात, म्हणजे ओढ्यात, पोहोचतो. भाज्यांत अळू, नाळीची भाजी, मायाळू आणि पुदिना घ्यावेत, मिरची-टोमॅटो नंतर.

पावसाळ्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. वीज गेली की पाणी फिरायचे थांबते, आणि 28 अंश तापमानाच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरमागे जेमतेम 8 मिलिग्रॅम मावतो, तो दाटीच्या पिंपात लवकर संपतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप म्हणून पहिल्या खरेदीतच घ्यावा. दुसरी गोष्ट सुपारीच्या बागा असलेल्या गावांची आहे. कोळे रोगासाठी झाडांवर फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणात मोरचूद असते आणि त्यातले तांबे माशांना फार थोड्या प्रमाणातही मारक ठरते, मृदू पाण्यात तर अधिकच. पिंपावर पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे छप्पर असावे, सुपारीच्या झावळ्यांचे ठिबकणारे पाणी त्यात येऊ नये आणि शेजारच्या बागेत फवारणी कधी आहे, हे आधी विचारून ठेवावे.