शाब्ली आणि मर्सो: द्राक्ष एकच, वाइन दोन

कोणी "मला शार्डोने आवडत नाही" म्हणालं, की मी आधी विचारतो, कुठली प्यायलात? शाब्ली आणि मर्सो दोन्ही फ्रान्सच्या बरगंडीतल्या, दोन्ही निव्वळ शार्डोने या पांढऱ्या द्राक्षाच्या. बाटलीवर मात्र मोठ्या अक्षरांत गावाचं नाव असतं, द्राक्षाचं बहुधा नसतंच. म्हणून एक समजून दुसरी घेतली जाते आणि पहिल्याच घोटाला हिरमोड होतो.

शाब्ली बरगंडीच्या उत्तर टोकाला, शॅम्पेन प्रांताच्या जवळ. हवा थंड, त्यामुळे द्राक्षातला आंबटपणा टिकतो. वसंतात दहिवर पडून कोंब जळण्याची धास्ती इतकी, की रात्री मळ्यात शेगड्या पेटवतात. बरीचशी शाब्ली स्टीलच्या टाक्यांत तयार होते. वास हिरव्या सफरचंदाचा, लिंबाचा, ओल्या दगडाचा. तिथल्या चुनखडीच्या मातीतला दगड हातात घेऊन पाहिला तर नखाएवढे वाकडे शिंपले दिसतात, सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले. वेल काही त्या शिंपल्यांची चव शोषून घेत नाही; घेते, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पण पाणी मुळांना किती मिळावं हे ती माती ठरवते, आणि ते खूप मोलाचं आहे.

मर्सो दक्षिणेला, बरगंडीच्याच कोत द बोन या भागात. इथे 228 लिटरच्या ओकच्या पिंपांत आंबवण्याची रीत. वाइन तळाच्या यीस्टच्या गाळावर महिनोन्महिने राहते, काही जण तो गाळ ढवळतातही. त्यातून भरदारपणा येतो, हेझलनट आणि भाजलेल्या पावाचा वास येतो.

लोण्याच्या वासाबद्दल मोठा गैरसमज आहे. तीव्र मॅलिक आम्लाचं जीवाणू सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात, तेव्हा डायअसिटिल तयार होतं, त्याचा तो वास. पण ही क्रिया शाब्लीतही सहसा होतेच! म्हणजे दोघींतला फरक एवढ्यावर उलगडत नाही. हवामान, पिंप आणि गाळ हे तिन्ही मिळून तो घडवतात.

ले क्लोसारख्या ग्रां क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या, मळ्यांतली शाब्ली पिंपातलीही मिळते, तेव्हा ओळखायला जरा अवघड जातं. मर्सोत ग्रां क्रू नाहीच, पेरिएर हा तिथला सर्वांत नावाजलेला प्रीमिये क्रू, म्हणजे त्याखालोखालच्या दर्जाचा, मळा.

शाब्ली 10 अंशांच्या आसपास छान लागते. मर्सो तेवढी गार केली तर तिचा वास मिटून जातो, म्हणून फ्रीजमधून काढल्यावर तिला थोडा वेळ द्या, 12-13 अंशांवर ती खुलते.