नाडी, नेफा आणि आठ नंबरचा ब्रश

वार्षिक प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी फ्रेम भिंतीवर चढवताना काच निसटली आणि चित्रकला शिकणाऱ्या माझ्या भाचीच्या उजव्या तर्जनीच्या मुळाशी, तळहाताच्या बाजूने, जेमतेम दीड सेंटिमीटरचा काप गेला. रक्त फारसं नव्हतं. रुमाल बांधून उरलेली चित्रं लावायचा तिचा बेत होता. पण हात टेबलावर सैल ठेवला तेव्हा तिला काहीतरी खटकलं. बाकीची बोटं नेहमीसारखी अर्धवट मिटलेली आणि तर्जनी मात्र सरळ, कुणाकडे तरी दाखवत असल्यासारखी. दोन वर्षं स्केचबुकात हातच हात काढलेले. हात असा पडत नाही, हे तिला डॉक्टरांच्या आधी कळलं.

तुम्हीही बघा. तळवा वर करून हात मांडीवर सैल सोडा. तर्जनी थोडी वळलेली असते, मधलं बोट जरा जास्त, करंगळी सगळ्यात जास्त. ही उतरंड मोडली की बोट वाकवणारं काहीतरी तुटलंय, असं समजावं.

घरी फोन आला तो ‘नस कापली’ असा. आपल्या बोलण्यातली ही ‘नस’ मोठी घोळ घालणारी आहे. रक्तवाहिनीही नस, मेंदूकडे निरोप नेणारा चेतातंतूही नस आणि स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, म्हणजे कंडरा, तीही नसच. तिन्ही कापल्या तर तीन वेगळ्या गोष्टी होतात आणि तिन्ही बऱ्या व्हायला लागणारा काळही वेगळा. भाचीच्या दोन कंडरा आणि दोन चेतातंतू गेले होते.

बोट वाकवणारे मुख्य स्नायू बोटात नसतातच. डाव्या हाताने उजवी पोटरी, म्हणजे कोपराखालचा मांसल भाग धरा आणि उजव्या हाताची बोटं हवेत पेटी वाजवल्यासारखी हलवा. हलतंय ते तिथे. तिथून निघालेल्या कंडरा मनगटातून बोटांपर्यंत येतात. प्रत्येक बोटाला दोन: वरची मधला सांधा वाकवते, खालची टोकाचा. बोटात शिरल्यावर दोघी एकाच अरुंद बोगद्यातून जातात. इतकंच नाही, तिथे वरची कंडरा दुभंगते आणि खालची तिच्या फटीतून पुढे सरकते.

हे सगळं मला पायजम्याच्या नाडीवरून पटकन समजलं. नाडी नेफ्यातून सरसर सरकते तोवर तिची आठवण कुणाला येत नाही. ती तुटली की एक टोक आत पळतं आणि सेफ्टी पिन घेऊन शोधत बसावं लागतं. तुटलेली कंडरासुद्धा अशीच मागे तळहातात ओढली जाते. सर्जनना ती शोधून पुढे आणावी लागते. मात्र नाडीचा नेफा जिवंत नसतो, बोटाचा असतो. जखम भरताना शरीर कंडराच्या टोकांबरोबर आजूबाजूच्या भिंतीही सांधून टाकतं. म्हणजे नाडी जोडली खरी, पण नेफ्यालाच शिवली गेली.

बोटातल्या या बोगद्याच्या भागाला अमेरिकन सर्जन स्टर्लिंग बनेल यांनी ‘नो मॅन्स लँड’ म्हटलं होतं. तिथे कापलेली कंडरा लगेच जोडायच्या फंदात पडू नका, नुसती कातडी शिवा आणि नंतर दुसरीकडची कंडरा आणून बसवा, हा सल्ला कित्येक दशकं चालला. 1967 मध्ये अमेरिकेतल्या लुइव्हिलच्या हॅरल्ड क्लायनर्ट आणि सहकाऱ्यांनी थेट जोडलेल्या कंडरांचे चांगले निकाल परिषदेत मांडले, तेव्हा ऐकणाऱ्यांचा विश्वास बसेना. त्यांची युक्ती टाक्यांइतकीच टाक्यांनंतरच्या दिवसांत होती. नखाला रबर बँड बांधायचा. बोट रुग्णाने सरळ करायचं आणि परत वाकवायचं काम रबराने करायचं. जोडावर ताण नाही, पण कंडरा बोगद्यात सरकती राहते. आता रबर बँड मागे पडला आहे, विचार तोच आहे. दर फेरीला तीन-चार मिलिमीटर सरकली तरी ती चिकटण्यापासून बरीच वाचते.

म्हणून ऑपरेशननंतर चौथ्याच दिवशी फिजिओथेरपीला बोलावलं तेव्हा आमच्या घरात कल्लोळ झाला. ‘टाके ओले आहेत आणि बोट हलवताय?’ आजीचा प्रश्न चुकीचा नव्हता. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जोड उलट कमकुवत होतो, सगळी भिस्त दोऱ्यावर असते. जास्त हलवलं तर तुटतं, अजिबात नाही हलवलं तर चिकटतं. या दोन्हींच्या मधली अरुंद वाट म्हणजे हाताला आधार देणारी वाकडी पट्टी, म्हणजेच स्प्लिंट, आणि दर तासाला मोजून केलेल्या हालचाली. सहा आठवडे स्प्लिंट, जोर लावायचं काम साधारण आठव्या आठवड्यानंतर, जड वस्तू बाराव्यानंतर. ‘मला आता बरं वाटतंय’ हे वाक्य या काळात सगळ्यात घातक. बरं वाटलं म्हणून पाण्याची बादली उचलायची आणि परत ऑपरेशन टेबलावर जायचं.

चेतातंतूंचं गणित निराळं. ऑगस्टस वॉलर यांनी 1850 मध्ये बेडकाच्या जिभेकडे जाणारे चेतातंतू कापून दाखवलं होतं की, कापल्यानंतर टोकाकडचा भाग मरून विरघळतो. उरतात रिकाम्या नळ्या. वरच्या टोकातून नवे कोंब फुटतात आणि त्या नळ्यांतून दिवसाला सुमारे एक मिलिमीटर पुढे जातात. बोटाच्या मुळापासून शेंड्यापर्यंत सात-आठ सेंटिमीटर धरले, सुरुवातीची रखडपट्टी मिळवली, तर तीन महिने सहज. कोंब कुठवर पोचला ते बाहेरून कळतं: बोटावर टिचकी मारत गेलं की एका जागी झिणझिण्या येतात. ज्यूल तिनेल यांनी पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर हे पाहिलं आणि 1915 मध्ये लिहून ठेवलं. भाची दर रविवारी ती जागा स्वतः शोधून बॉलपेनने टिंब काढायची. टिंब आठवड्याला जेमतेम सहा-सात मिलिमीटर सरकायचं. चित्रकलेच्या विद्यार्थिनीला इतक्या सावकाश कामाची सवय नसते, एक वॉश, म्हणजे रंगाचा पातळ हात, वाळायलाही ती हेअर ड्रायर लावते.

आणखी एक गंमत तिनेच दाखवली. ब्रश धुता धुता हात बराच वेळ पाण्यात राहिला की बोटांना सुरकुत्या पडतात ना? तिच्या नऊ बोटांना पडायच्या, तर्जनी मात्र पेढ्यासारखी गुळगुळीत. पाण्याने कातडी फुगून सुरकुत्या पडतात, असं मीही मानत होते. प्रत्यक्षात चेतातंतूंच्या हुकुमाने आतल्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून कातडी आत ओढली जाते. हुकूम देणारा नसेल तर सुरकुती नाही, घामही नाही. आयरिश सर्जन ओ’रिएन यांनी 1973 मध्ये हीच चाचणी म्हणून सुचवली.

तीन महिन्यांनी ब्रश हातात आला. बोट वाकत होतं, पण चित्र बिघडत होतं आणि दहा मिनिटांत हाताची पोटरी दुखून यायची. कारण ताकदीत नव्हतं. आपण वस्तू धरतो तेव्हा ती निसटू नये यापेक्षा जेमतेम थोडाच जास्त दाब देतो. कातडीला सूक्ष्म घसरण जाणवते आणि पकड आपोआप जुळते. स्वीडनमधल्या उमिओच्या योहान्सन आणि वेस्टलिंग यांनी 1984 मध्ये ते मोजलं. कातडी बधिर केली की ही जुळणी बिघडते आणि माणूस भलताच जोर लावतो. भाचीचा आठ नंबरचा ब्रश म्हणजे तिच्या बधिर बोटासाठी अंधारात धरलेली दोरी होती, म्हणून ती घट्ट आवळत होती. थेरपिस्टबाईंनी ब्रशच्या दांडीवर फोम गुंडाळून ती अंगठ्याएवढी जाड केली. जाड दांडीला कमी आवळावं लागतं.

मेंदूकडेही पडझड झालेलीच असते. मायकल मर्झेनिक आणि जॉन कास यांनी 1980च्या दशकात माकडांमध्ये दाखवलं की, हाताचा एक चेतातंतू कापला की मेंदूतली त्याची जागा शेजारच्या भागांकडून येणारे निरोप बळकावतात. पुढे कोंब पोचतात तेही सगळे आपल्या जुन्या नळीत नव्हे. त्यामुळे बोटाच्या डाव्या कडेला हात लावला तर उजवीकडे लागल्यासारखं वाटतं. हे परत शिकावं लागतं: आधी बघत स्पर्श करायचा, मग डोळे मिटून. दवाखान्यात सँडपेपर आणि मखमल होती. घरी तिने आपले कागद काढले: खरखरीत हँडमेड, गुळगुळीत कार्ट्रिज, कॅनव्हासची मागची बाजू. डोळे मिटून ओळखायचे, आठ-दहा मिनिटं, दिवसातून चारदा.

नातेवाइकांचा सल्ला होता, ‘डाव्या हाताने काढ ना.’ लिओनार्दो दा विंचीचा दाखलाही कुणीतरी दिला. तो दाखला नीट वाचला तर वेगळंच सांगतो. 1517 मध्ये त्याला भेटलेल्या अंतोनिओ दे बिआतिस याने नोंदवलंय की, उजवा हात लुळा पडल्याने त्याला पूर्वीसारखं रंगकाम जमत नाही, रेखाटन आणि शिकवणं मात्र चालू आहे. रेखाटन तो मुळातच डाव्या हाताने करायचा. म्हणजे जन्मभराचा डावखुरा, तरी रंगकाम डाव्या हाताकडे गेलं नाही.

तिच्या कामी आलं ते सरांचं जुनं पालुपद: ‘रेघ खांद्यातून काढा.’ निकोलाय बर्नस्टाइन यांनी 1920च्या दशकात मॉस्कोत कामगारांच्या सांध्यांवर छोटे दिवे लावून हातोडीच्या घावांचं चित्रण केलं. दर घावाला खांदा, कोपर, मनगट वेगवेगळे हलत होते, हातोडी मात्र ठरल्या जागीच पडत होती. चेकवरची तुमची सही आणि फळ्यावर खडूने केलेली सही सारखी दिसते तेही यामुळेच, दोन्हींना वेगळे स्नायू लागतात तरी. वळण एका बोटाच्या मालकीचं नसतं. मग फुल इंपीरियलचा भला मोठा कागद ईझलवर लावून, दोन इंची फ्लॅट ब्रश मुठीत धरून ती उभ्याने मोठमोठी निसर्गचित्रं करत सुटली. डोळ्याच्या पापण्या, पैंजणाचे घुंगरू, साडीचा काठ हे सगळं बाजूला राहिलं. तिची मोठी चित्रं मला आधीच्या नेटक्या हेडस्टडींपेक्षा (चेहऱ्याच्या अभ्यासचित्रांपेक्षा) जास्त आवडतात. तिला हे सांगितलं तर ती चिडते.

परवा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. ओले हात, दहा बोटं, आणि तर्जनीच्या शेंड्यावर एक पुसट सुरकुती. खाली लिहिलं होतं, ‘मावशी, झूम कर!’ सुरकुती आली म्हणजे स्पर्शही तितकाच आला असं नाही, दोन्ही आपापल्या चालीने येतात. मी तिला विचारलं, खिशात हात घालून रुपया आणि दोन रुपयांचं नाणं त्या बोटाने वेगळं सांगता येतं का? उत्तर आलं, ‘अजून नाही. पण पाचाचं येतं.’