पाण्यातलं पुरातत्त्व आणि मूर्तीचोरीचा तपास: करिअर एकच नव्हे

चाळीसगाव-धुळ्याकडच्या पोरांना पुरातत्त्वाचं वेड लागलं की हमखास दोन स्वप्नं एकत्र सांगतात: समुद्रात बुडी मारून जुनी नगरं शोधायची आणि चोरीच्या मूर्तीही पकडायच्या. जुन्या वस्तू दोन्हीकडे असतात, पण बुडी मारणाऱ्याच्या हातात जागा असते, तिथं काय आहे ते त्याला शोधायचं असतं. तपास करणाऱ्याच्या समोर वस्तू असते, ती कुठली हे त्याला सिद्ध करायचं असतं.

द्वारकेच्या समुद्रात पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं १९८० च्या दशकात काम केलं. पुढं २००१ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात पाण्याखालच्या कामासाठी स्वतंत्र विभाग झाला. ऐकायला थरारक, पण दिवस जातो मोजमापात. टेप लावायची, प्लॅस्टिकच्या पाटीवर साध्या पेन्सिलीनं नोंद करायची आणि हवा संपायच्या आत वर यायचं. लाकूड मिळालं तर वाळवायचं नाही, आकसून तडकतं. ओलंच ठेवून आधी त्यातलं मीठ काढायचं. त्यामुळं नुसतं पोहता येऊन भागत नाही (तापीत पोहणाऱ्यांनी राग मानू नये). आधी पुरातत्त्वात एम.ए. करा, पुण्याचं डेक्कन कॉलेज आहेच. स्कूबा नंतर शिकता येतं.

तपासाचा नमुना म्हणजे तामिळनाडूतल्या श्रीपुरंतानचा नटराज. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीनं २००८ मध्ये तो सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलरना घेतला. जुन्या वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेण्यावर बंदी घालणाऱ्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याआधीच मूर्ती भारताबाहेर गेली, असं कागद सांगत होते. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडच्या जुन्या फोटोंत मात्र ती त्यानंतरही देवळातच होती! २०१४ मध्ये नटराज परत आला.

या कामाची वाट पोलीस किंवा कस्टम्समधून जाते. तामिळनाडू पोलिसांत १९८३ पासून मूर्तीचोरीची वेगळी शाखा आहे. बाकी ठिकाणी आधी साधी पोलिसभरतीच.

खानदेशात समुद्र नाही, पण पाटण्यापासून बलसाण्यापर्यंत देवळं आहेत. सरावाला गावच्या देवळापासून सुरुवात करा. पुजाऱ्यांना विचारून मूर्तीचे पुढून, मागून, बाजूनं फोटो घ्या. तुटलेलं बोट, कानाचा टवका, पाठीवरची भेग जवळून टिपा. दोन फोटो जुळवताना त्याच खुणा कामी येतात. शेजारी मोजपट्टी ठेवा आणि तारीख लिहा.