न पाहिलेल्या युद्धाची आठवण : पार्श्वभूमी

युद्धाच्या इतिहासाची गोडी अनेकांना खेळण्यांतून लागली. ब्रिटनमध्ये १८९३ पासून पोकळ शिशाचे स्वस्त सैनिक मुलांच्या हाती येऊ लागले आणि १९५३ साली दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाची सुटे भाग जोडून उभी करायची प्लास्टिकची प्रतिकृती बाजारात आली. मात्र खेळण्यातून लागलेली गोडी आणि युद्ध भोगलेल्यांच्या घरातल्या मौनातून लागलेली ओढ या भिन्न गोष्टी आहेत, आणि अभ्यासकांमधील वाद प्रामुख्याने दुसरीविषयी आहे : तिला ‘आठवण’ म्हणता येईल का?

व्यक्तीची स्मृती कुटुंबाच्या चौकटीत घडते, ही मांडणी फ्रान्समध्ये १९२५ सालीच झाली होती. परंतु ज्यांनी युद्ध पाहिलेच नाही त्यांच्या स्मृतीचा प्रश्न ऐरणीवर आला तो १९९० च्या दशकात, नाझींनी केलेल्या ज्यूंच्या वंशसंहारातून वाचलेल्यांची मुले प्रौढ झाल्यावर. आई-वडिलांनी भोगलेले जणू स्वतःलाच आठवते, या त्यांच्या अनुभवासाठी ‘पोस्टमेमरी’ ही संज्ञा पुढे आली. तिला ‘उत्तरस्मृती’ म्हणावे, तर त्या शब्दात ‘नंतरची’ या अर्थासोबत ‘जबाबादाखल आलेली’ हाही अर्थ डोकावतो. तो मूळ संज्ञेत नाही, पण असायला हवा होता. आक्षेप असा, की जे भोगले नाही ते आठवणार कसे? वडील रात्री दचकून उठत, हे मुलाने पाहिलेले असते. ते कशाने दचकत, हे त्याने नंतर पुस्तकांतून आणि छायाचित्रांतून जुळवलेले असते. पहिली गोष्ट त्याची स्वतःची आठवण आहे, दुसरी कल्पना आहे, आणि संज्ञा या दोहोंना एकाच नावाखाली आणते. आक्षेप बिनतोड आहे, तरीही संज्ञा टिकली, कारण ही जुळवाजुळव करणाऱ्याला ती कल्पना वाटतच नाही.

कौटुंबिक कथन किती सरकते, हे जर्मनीत ४० कुटुंबांच्या मुलाखतींवर आधारलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. आजोबांनी स्वतः सांगितलेली अडचणीची हकीकत नातवंडांच्या तोंडी येईपर्यंत सौम्य होई आणि कित्येकदा आजोबा नाझी राजवटीचे विरोधक ठरत.

अशा कथनाच्या पडताळणीसाठी कागद लागतात, तेथेही नशिबाचा भाग आहे. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर सैनिकाचे नाव व क्रमांक कोरलेला असे; दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने आपल्या सैनिकांना दिलेली पदके कोरी होती. शिवाय पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांच्या सेवानोंदींपैकी निम्म्याहून अधिक १९४० च्या बाँबहल्ल्यात जळाल्या, आणि १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुई येथे लागलेल्या आगीत १.६ ते १.८ कोटी सेवापुस्तिका नष्ट झाल्या. त्या पुस्तिका ज्यांच्या होत्या त्यांतील अनेक अमेरिकी सैनिकांच्या नातवंडांना आज पडताळून पाहायला मिळते ती बहुधा सेवामुक्तीच्या वेतनाची नोंद, आणि तीत आजोबा कोठे लढले हे नसते.