नेपाळमधील पक्षी : नोंदी आणि संवर्धन

तराईच्या सखल गवताळ पट्ट्यापासून सगरमाथ्याच्या (एव्हरेस्टच्या) हिमशिखरापर्यंत नेपाळ चढत जातो. दक्षिणोत्तर रुंदी मात्र सरासरी दोनशे किलोमीटरही भरत नाही. उंचीबरोबर हवामान आणि झाडोरा झपाट्याने बदलतो, म्हणूनच एवढ्याशा देशात पावणेनऊशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. तराईत सारस दिसतो, तर डांफे हा राष्ट्रीय पक्षी उंच पहाडात.

पद्धतशीर नोंदींची सुरुवात ब्रायन हॉजसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने केली. तो १८२० मध्ये काठमांडूला आला आणि १८४३ पर्यंत बहुतेक काळ तिथेच होता. परकीयांना खोऱ्याबाहेर फिरण्याची मोकळीक नव्हती. त्यामुळे स्थानिक शिकारी नमुने आणत आणि राजमान सिंह चित्रकार हे नेवार कलावंत त्यांची चित्रे काढत. शिकाऱ्यांची नावे इतिहासात जवळपास हरवली. राजमान सिंहांचे नाव तरी हॉजसनच्या बरोबरीने घ्यायला हवे.

काँडे भ्याकुर ही नेपाळची एकमेव प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त इथेच आढळणारी पक्षिजाती. हॉजसनने तिचे वर्णन १८३६ मध्ये केले. पुढे शतकभर ती अभ्यासकांना आढळली नाही. १९४८ मध्ये डिलन रिप्ले या अमेरिकन पक्षितज्ज्ञाला ती पुन्हा सापडली. मधल्या काळात पक्षी डोंगरउतारांवरच्या दाट झुडपांत होताच, तो शोधायला तिथवर कुणी पोचले नव्हते.

संवर्धनातले सर्वांत मोलाचे काम गिधाडांचे. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी होते. गिधाडे मरण्याचे हे कारण २००४ मध्ये उघड झाले आणि २००६ मध्ये नेपाळने, त्याच सुमारास भारतानेही, या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय पुढे आला. पण धर्म आणि कायदा या दोन्हींमुळे गोवध वर्ज्य असलेल्या देशात म्हाताऱ्या गुरांचे काय करायचे, हा प्रश्न शेतकऱ्यापुढे होताच. चितवन राष्ट्रीय उद्यानालगतच्या पिठौली गावाने तोच धागा पकडला. गावकरी भाकड, थकलेली गुरे घेतात आणि मरेपर्यंत सांभाळतात. जनावर नैसर्गिकरीत्या मेले की ते उघड्यावर ठेवले जाते आणि गिधाडे उतरतात. ‘जटायू रेस्टॉरंट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जागेचा कित्ता देशात इतरत्रही गिरवला गेला. जोडीला चितवनमधील कसरा येथे गिधाडांचे पैदास केंद्र उभे राहिले; पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडे २०१७ पासून निसर्गात सोडली गेली.

१९८२ मध्ये स्थापन झालेली ‘नेपाल पंछी संरक्षण संघ’ ही संस्था पक्षिगणना आणि लोकशिक्षण करते. हिवाळी पाणपक्ष्यांच्या गणनेत कोशी टप्पू ही पाणथळ जागा महत्त्वाची. १९८७ मध्ये तिला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला. २०१६ च्या राष्ट्रीय लाल यादीने ८७८ जाती तपासल्या आणि १६७ जाती संकटग्रस्त ठरवल्या. डोंगराळ देश म्हटला की लक्ष हिमालयाकडे जाते. पण धोक्यातल्या कित्येक जाती तराईच्या जंगल-गवताळ भागातल्या आहेत. बंगाल फ्लोरिकन हा माळढोकाच्या कुळातला पक्षी त्यांपैकीच. त्याची वीण शुक्लाफाँटासारख्या संरक्षित कुरणांत होते, पण वर्षातले कित्येक महिने तो कुंपणाबाहेरच्या शेतांत काढतो, आणि तिथे त्याला कायद्याचे तेवढे संरक्षण मिळत नाही.