लग्नानंतरचा नवरा-बायकोतला करार (पोस्टनप): कोण करू शकतं, कागद काय लागतात आणि कोर्टात कधी टिकतो

लग्नाआधी करतात तो प्रीनप, हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. पण लग्न झाल्यावर, कधी कधी दहा-पंधरा वर्षं संसार झाल्यावरसुद्धा नवरा-बायको पैसा आणि मालमत्तेबद्दल लेखी करार करतात, त्याला पोस्टनप म्हणतात. कारणं अगदी घरगुती असतात. एकाने धंदा सुरू केलाय आणि पुढे वाटणीची वेळ आलीच तर धंद्याचं काय ते आत्ताच ठरवायचंय, वारसाहक्काने जमीन आलीय, दुसरं लग्न आहे आणि पहिल्या मुलांचं काय ते लिहून ठेवायचंय, किंवा मुलांसाठी एकाने नोकरी सोडलीय आणि तिची किंवा त्याची पुढची सोय हवीय. लोकांचा पहिला प्रश्न असतो की फॉर्म कुठे मिळतो, तर बहुतेक देशांत असा ठरलेला सरकारी फॉर्म नसतोच, आणि नेटवरून नमुना काढून दोघांनी सह्या ठोकल्या तर तो कागद ऐन गरजेच्या वेळी हातातून निसटतो. कोर्ट आधी हे बघतं की करार झाला कसा.

पात्रता साधी आहे. लग्न कायदेशीर हवं, दोघं सज्ञान आणि आपण काय करतोय हे समजण्याच्या स्थितीत हवेत, आणि संसार चालू हवा. वेगळं व्हायचं आधीच ठरलं असेल तर तो पोस्टनप राहत नाही, तो विभक्त होण्याचा करार, त्याचे नियम बऱ्याच ठिकाणी वेगळे. शिवाय ज्यांचे पैसे देणं लागतो त्यांना चुकवायला सगळं बायकोच्या नावावर करायचं हा हेतू दिसला तर कोर्ट तो व्यवहार मोडू शकतं.

मुळात चालतो का हा करार? देशानुसार बदलतं. अमेरिकेत ओहायो राज्यात 2023 पर्यंत नवरा-बायकोला असा करार करताच येत नव्हता, कायदा बदलल्यावर सोय झाली. इंग्लंडच्या सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये रॅडमाकर खटल्यात सांगितलं की दोघांनी मोकळेपणाने आणि परिणाम नीट समजून करार केला असेल तर कोर्टाने तो मानावा, मात्र त्या परिस्थितीत तो लादणं अन्यायाचं होत असेल तर मानू नये. म्हणजे तिथे करार वजनदार आहे, पण शेवटचा शब्द कोर्टाचाच.

आता कागद, इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. लग्नाचा दाखला आणि ओळखपत्रं लागतातच, पण खरा जीव असतो मागे जोडलेल्या मालमत्तेच्या यादीत. घर-जमिनीचे कागद, बँकेची सगळी खाती, पगाराच्या स्लिपा, टॅक्स रिटर्न, शेअर्स, विमा, पेन्शन, धंद्याचे हिशेब, आणि कर्जं, हो कर्जंसुद्धा, दुसऱ्याला जामीन राहिला असाल तर तेही. प्रत्येक ओळीसमोर रक्कम आणि ती कुठल्या तारखेची ते लिहा. "इतर बचत" असं मोघम लिहून ठेवलं की पुढे भांडण नेमकं तिथून सुरू होतं, म्हणून जुनं विसरलेलं खातं असेल, त्यात चिल्लर रक्कम असेल, तरी त्याची स्वतंत्र ओळ करा. यादीच्या प्रत्येक पानावर दोघांची सही घ्या. नवरा-बायको एकमेकांवर विश्वास ठेवून वागतात, घासाघीस करत बसत नाहीत, म्हणून काही कोर्टं पोस्टनपला प्रीनपपेक्षा जास्त कसून तपासतात. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2010 च्या निकालानुसार करार रास्त होता हे सिद्ध करायची जबाबदारी जो तो लागू करायला मागतोय त्याच्यावर आहे. कॅलिफोर्नियात तर एकाचा अवाजवी फायदा दिसला की दबाव होता असंच आधी धरलं जातं.

वकील दोघांचा एकच नको, कळकळीने सांगतेय, पैसे वाचवायला हे करू नका. ऑस्ट्रेलियात सही करण्याआधी दोघांनी स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेणं आणि वकिलाने तसं सही करून देणं कायद्यातच आहे. पण तेवढ्यानेही भागतं असं नाही. तिथल्या थॉर्न विरुद्ध केनेडी खटल्यात लग्नाला चार दिवस राहिले असताना होणाऱ्या बायकोने पहिल्या करारावर सही केली, तिचे आईवडील आणि बहीण परदेशातून येऊन पोचलेले, ड्रेस तयार, आणि सही नाही तर लग्न नाही असं तिला सांगितलेलं. तिच्या वकिलाने सही करू नकोस म्हणून स्पष्ट बजावलं होतं. लग्नानंतर तशाच मजकुराचा दुसरा करार झाला, म्हणजे पोस्टनपच. 2017 मध्ये हायकोर्टाने, जे तिथलं सगळ्यात वरचं कोर्ट आहे, दोन्ही करार रद्द केले. म्हणून मसुदा वाचायला आठवडे द्या, रात्री जेवण झाल्यावर "एवढी सही कर" असं करू नका, आणि मसुद्यांच्या देवाणघेवाणीचे मेल जपून ठेवा.

सहीची पद्धत तर डोळ्यात तेल घालून पाळा. न्यूयॉर्कमध्ये मॅटिसॉफ विरुद्ध डोबी खटल्यात, 1997 साली, दोघंही कबूल करत होते की हो, लग्नानंतरच्या करारावर सह्या आमच्याच, तरी अधिकाऱ्यासमोर तशी रीतसर कबुली नोंदवली नव्हती म्हणून करार बाद. जर्मनीत नोटरीसमोर दोघांनी एकाच वेळी हजर राहावं लागतं. फ्रान्समध्ये लग्नाची मालमत्ता-पद्धत, म्हणजे नवरा-बायकोत कुठली मालमत्ता कोणाची मानायची ते, बदलायची तर नोटरीचा दस्त लागतो, आणि सज्ञान मुलांना आणि ज्यांचं कर्ज आहे त्यांना कळवून हरकतीसाठी तीन महिने द्यावे लागतात.

भारतात पोस्टनपसाठी वेगळा सर्वसाधारण कायदा नाही, 1872 चा करार कायदाच बघतात, त्यातलं कलम 23 सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार बाद ठरवतं. कलम 25 म्हणतं, मोबदला नसला तरी जवळच्या नात्यात प्रेमापोटी केलेला, लेखी आणि नोंदणी केलेला करार चालतो. 1900 सालच्या कलकत्त्याच्या जुन्या खटल्यात नवऱ्याने बायकोला पैसे द्यायचं नोंदणी करून लिहून दिलं होतं, पण त्याच कागदात दोघांच्या भांडणांचा उल्लेख होता, कोर्ट म्हणालं यात प्रेम कुठंय, आणि तिला काही मिळालं नाही. मला हा निकाल फार मनाला लागतो, कारण तिच्याकडे लेखी, नोंदणी, सगळं होतं. म्हणून प्रेमावर विसंबू नका, दोघांनीही एकमेकांना काहीतरी द्यायचं कबूल केलेलं मसुद्यात स्पष्ट दिसू द्या.

काय लिहून उपयोग नाही तेही बघा. मुलांचा ताबा आणि त्यांचा खर्च आधीच कायमचा ठरवून टाकता येत नाही, कोर्ट त्या वेळचं मुलांचं हित बघतं. "मी कधीच पोटगी मागणार नाही" हे कलम भारतात टिकत नाही, आणि इंग्लंडमध्ये 1929 पासून ठरलेलं आहे की कोर्टाकडे दाद मागायचा हक्क करारातून काढून घेता येत नाही. बाहेरच्या सावकाराला किंवा बँकेलाही तुमचा आपसातला करार सहसा बांधत नाही. एक कलम बाद झालं तर बाकीचा करार शाबूत राहावा, अशी ओळ वकिलाला मुद्दाम घालायला सांगा.

सह्या दोन मूळ प्रतींवर करा, दोघांकडे एकेक, यादीसकट. पुढे मूल झालं, आजारपण आलं, घर विकलं, दुसऱ्या देशात राहायला गेलात, तर करार पुन्हा काढून वाचा. बदल हवा असेल तर कडेला पेनने लिहू नका, जशा पद्धतीने पहिला केला तशाच पद्धतीने नवीन लेखी दुरुस्ती करा, रद्द करायचा असला तरी तसंच.